मॉरिशसच्या देवाला आवतण

लेकीनं लग्नाचं सांगितलं तेव्हा मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मुलगा मॉरिशसचा आहे." मी म्हटलं, "आधी तव्यावरची भाकरी उलट, मग बोल." तोवर भाकरी करपलीच. बाहेरून नवऱ्यानं विचारलं, "मॉरिशस म्हणजे ते हनिमूनवालं का गं?" या माणसाला कुठल्या वेळी काय सुचेल, काही नेम नाही. मी परातीतला हात तसाच घेऊन बाहेर गेले आणि त्याला गप्प बसवून आले.

"मराठीच आहे गं तो," लेक घाईघाईनं सांगत होती. "पुण्यात माझ्या वर्गात होता. त्याच्या आजोबांचे आजोबा कोकणातनंच गेले होते तिकडं, बोटीनं. उसाच्या कामाला."

मी खूप बोलले. इतक्या लांब, विमानानं जायचं, आजारी पडलीस तर कोण, बाळंतपण कुठं. सगळं एका दमात बोलून घेतलं आणि मग रडले. घरात शांत होती ती एकटी बाय. माझी नणंद. ती उंबऱ्यात सूप घेऊन सुका जवळा निवडत बसली होती. तिनं मान वर न करता एवढंच विचारलं, "गाव कनचा त्याचा?"

"बाय, मॉरिशस हा देश आहे," मी नाक पुसत म्हटलं.

"देश सगल्यांनाच हाय. मी गाव इचारतंय."

बाय म्हणजे कोण, ते सांगायला हवं. नवरा गेल्यावर ती तरुणपणीच माहेरी परत आली, म्हणजे आमच्या घरी, भिवंडीजवळ, शेलारच्या अलीकडच्या या गावात. मी लग्न होऊन आले तेव्हा घर तिच्या ताब्यात होतं आणि अजूनही आहे. आमच्या आगरी लग्नात हळदीच्या आधी धवले गातात. ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण, आणि ती बसल्याशिवाय मांडवातलं पान हलत नाही. बाय तशी धवलारीण. पार अंबाडी गावापर्यंतच्या किती मुली तिनं गाऊन सासरी पाठवल्या, ते तिलाही आठवायचं नाही. आणि बायची रीत कडक. गाण्यात ती दोन्हीकडच्या गावांना आवतण देते. मुलीच्या गावचा देव, शीव, डोंगर, पाणी, आणि मुलाच्या गावचंही तसंच. एकेकाला नावानं हाक मारून मांडवात बोलवायचं आणि मग पोर त्यांच्या ओटीत घालायची. ज्याला बोलावलं नाही तो पोरीला ओळखणार कसा, असं तिचं म्हणणं.

त्यात बुजलेलं पाणीसुद्धा येतं. वडप्याला आमचं शेत होतं, शेताच्या अंगाला एक तळं होतं. आता तिथं भरणी टाकून गोडाऊन उभं आहे, दारात कंटेनर उभे असतात, त्याच्या भाड्यावर आमचं बरं चाललंय. बाय मात्र प्रत्येक लग्नात त्या तळ्याला बोलावते. मी एकदा म्हटलं होतं, "बाय, तळं कुठंय आता?" तर म्हणाली, "म्हनून तर बोलवायचा. जागा गेली तरी मान जातो का?"

तर मूळ गाव कोणतं, हा प्रश्न आला. जावयाला, म्हणजे होणाऱ्या जावयाला, फोनवर विचारलं. तो बिचारा प्रामाणिक. म्हणाला, त्याच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. कोकणातलं कुठलं तरी. पहिला माणूस बोटीत बसला, तिकडं उतरला, आणि गावाचं नाव मधल्या समुद्रात कुठं गळून पडलं कोणास ठाऊक.

बायनं सूप खाली ठेवलं. "मंग मी न्हाय गायाची."

"कोकणातलं कुठलं पण एक गाव टाक की," नवरा म्हणाला. "कोण बघतंय?"

"खोट्या दारात आवतन टाकू? माझ्या पोरीचं?" बाय अशी कडाडली की भाऊराया चप्पल शोधायला लागले.

माझ्या पोरीचं. ते खरंच होतं. मी भिवंडीत एका लूमच्या कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला. सकाळी गेले की संध्याकाळी यायची, आणि रस्त्यात ट्रॅफिक लागलं तर त्याहून उशिरा. पोर वाढली बायच्या मांडीवर. तिचा पहिला ताप बायनं काढला, पहिली वेणी बायनं घातली. लहानपणी लेक रुसली की बाय तिला म्हणायची, "थांब, तुझ्या लग्नात असा गाईन की सगली खाडी ऐकंल." आता तीच बाय नाही म्हणत होती, आणि लेकीनं डोळे पुसून सांगितलं, "बाय गाणार नसेल तर मांडवच नको. आम्ही कोर्टात सह्या करू."

दोघी हट्टी. एकीनं दुसरीला वाढवलेलं, दुसरं काय होणार? मला बायचा राग येत होता, पण आतून कळतही होतं. पोर दूर चालली म्हणून तिचा जीव तुटत होता. ते तोंडानं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून ती गावाच्या नावाला अडून बसली होती. असं मला वाटलं. ते अर्धंच खरं होतं, हे पुढं कळलं.

मी ठरवलं, हिला गाव हवंय ना, देतेच. शाळेत मला भूगोल कधी जमला नाही. पण पुढच्या दोन महिन्यांत मी एका देशाचा इतिहास-भूगोल असा पाठ केला की परीक्षा असती तर पहिली आले असते. ऑफिसात डबा खाताना मोबाईलवर वाचायची. आमचे मुकादम चाचा आझमगढचे. ते डोकावून म्हणाले, "अरे, ये तो मिरिच देश है! हमारे गाँव से भी लोग गए थे. लौटा कोई नहीं." मग रोज जेवताना ते मला आपल्या आजीकडून ऐकलेलं सांगायचे. कसे लोकांना सांगितलं होतं की तिकडे दगड उचलला की खाली सोनं निघतं, आणि कसे खरंच नुसते दगडच उचलावे लागले.

संध्याकाळी बाय मासळी साफ करायला बसली की मी समोर पाट घेऊन बसायची. "हे बघ बाय, हा एवढा मोठा आफ्रिका. त्याच्या बाजूला मादागास्कर. त्याच्या बाजूला हा ठिपका."

"यवरासा?"

"आपल्या ठाणे जिल्ह्यात दोन मावतील."

"मंग माझी पोर हरवायची न्हाय," ती म्हणाली. तेवढंच मला बरं वाटलं.

मी सांगत गेले. समुद्रातून ज्वालामुखी वर आला आणि त्याचा देश झाला. भोवती प्रवाळाचं कुंपण, लाटा तिथंच फुटतात. आपल्याकडे मे महिन्यात घामाच्या धारा असतात तेव्हा तिकडे थंडी सुरू व्हायला लागलेली असते. वादळं येतात, घरांची छपरं उडवणारी. आधी तिथं माणूस राहतच नव्हता. फक्त एक जाडजूड पक्षी होता, त्याला उडता येत नव्हतं, कारण उडायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. मग डच आले. पक्षी माणसाला भ्यायला नाही, आणि संपला. डच निघून गेले. मग फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिकेतनं, मादागास्करहून गुलाम आणले, ऊस लावला. मग इंग्रज आले. गुलामी बंद झाली तेव्हा उसाला माणसं हवी होती, म्हणून आपल्याकडनं बोटी भरून नेली. कलकत्त्याहून, मद्रासहून, आपल्या मुंबईहूनपण.

बाय मांदेली साफ करता करता ऐकायची. मला वाटायचं, एका कानानं ऐकते आणि दुसऱ्यानं सोडते. पण मध्येच प्रश्न यायचा, आणि तो असा यायचा की मोबाईलमध्ये उत्तर सापडायचं नाही.

"त्या पक्ष्याला कोनी बोलवतं का लगनात?"

"बाय, तो पक्षी मेला. एकही उरला नाही."

"मना तेच तर इचारायचं हाय."

एका डोंगराची गोष्ट मी जपून सांगितली. बेटाच्या टोकाला, समुद्रात घुसलेला उभा कडा. पळालेले गुलाम तिथं लपून राहायचे. असं सांगतात की गुलामी संपली तेव्हा शिपाई तेच सांगायला वर चढले. वरच्या लोकांना वाटलं, धरायला आले. त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या.

बायनं कोयता बाजूला ठेवला. मग हात धुऊन आली आणि म्हणाली, "सांगायला गेलेल्यानं खालूनच वरडून सांगायला हवा होता." तिचा आवाज चिरला होता. मी तिला पहिल्यांदा लांबच्या कोणासाठी रडताना बघत होते.

एवढं सगळं झालं, तरी अडलेलं अडलेलंच. "ह्यो देश झाला," ती म्हणायची, "गावाचा देव कुठाय?"

शेवटी लेकीनंच मार्ग काढला: मूळ गाव सापडत नाही, तर तिकडच्याच गावाचा देव शोधायचा. तिनं होणाऱ्या सासूला फोनवर विचारलं, तुमच्या गावात जुना देव कुठला? त्या म्हणाल्या, देवळं पुष्कळ आहेत, पण सगळ्यांत जुनं म्हणाल तर उसाच्या कडेला झाडाखाली काही दगड आहेत. शेंदूर लावतात. पहिल्या लोकांनी मांडलेले. शेत साफ करताना निघालेल्या दगडांचे अजूनही तिथं ढीग आहेत, त्यातलेच काही उचलून देव केले असतील.

बायचे डोळे चमकले. "दगूड हाय? झाडाखाली? मंग आधी बोलायचा ना!"

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल ठरला. बायनं अंघोळ केली, नवं लुगडं नेसली, पाटावर तांदूळ पसरून त्यावर मोबाईल उभा केला. मागं तांब्याचा टेकू. विहीणबाई तिकडं उसाच्या बांधावरून चालत होत्या, वारा भणभणत होता. मग झाड आलं. आणि झाडाखाली, खरंच, काळे दगड. आमच्या गावदेवासारखेच, अगदी तसेच. मला गलबलून आलं. आणि समोर देव आला की बायचा हात जसा आपसूक जातो तसा गेला. तिनं वाटीतला शेंदूर बोटावर घेतला आणि मोबाईलच्या काचेवर त्या दगडाला लावला.

कॉल कट झाला.

काच काळी. त्यावर शेंदराचा ठिपका.

नवरा हसला. मीही हसले, देवा शप्पथ, मला आवरलं नाही. लेक म्हणाली, "बाय, तुझं बोट लाल बटणावर पडलं गं, थांब, परत लावते." पण बाय उठली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"न्हाय बोलला त्यो," ती म्हणाली. "तोंड फिरवलं माझ्याकडनं."

"अगं बाय, बटण दाबलं गेलं!"

"कोनी दाबलं? माझ्याच बोटानं ना? मंग माझ्या बोटात कोन होता?"

आमच्याकडे देवाचा कौल लावतात. पान पडलं, फूल पडलं, उजवं-डावं, त्याचा अर्थ बाय साऱ्या गावाला सांगत आलेली. तिला कोण सांगणार? मी समजावलं, चिडले, दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. ती फक्त एवढंच म्हणायची, "देव नको बोलतो त्या घरात माझी पोर मी गाऊन धाडू? माझ्या तोंडानं?" तेव्हा मला उरलेलं अर्धं कळलं. तिला कोणाला अडवायचं नव्हतं. ती भ्याली होती. लेक तिच्या खोलीच्या दाराशी बसून राहायची आणि आत बाय भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

लग्नाच्या आठवड्यात विहीणबाई आल्या. आमच्याच घरी उतरवल्या. बारीक चणीच्या, केस कापलेल्या, पायांत बूट. मराठी बोलायच्या ते एकेक शब्द जपून, कपाटातली चांगली भांडी काढावीत तसं. घरात त्या तिकडची क्रेओल भाषा बोलतात, मराठी वर्गात जाऊन शिकल्या. मी त्यांना सगळं आधीच सांगून टाकलं. लपवून काय उपयोग, घरात धवलारीण असून ती गात नाही, हे मांडवात दिसणारच होतं.

त्या हसल्या नाहीत. चहाचा कप हातात घेऊन तशाच बायच्या खोलीत गेल्या आणि खाली फरशीवर बसल्या. मी दारात उभी राहिले.

"आमच्या देवाने तुम्हाला नाही म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटतं, तो बावरला."

बाय भिंतीकडे बघत होती, ती वळली.

"माझ्या लग्नात त्याला कोणी बोलावलं नाही," विहीणबाई सावकाश सांगत होत्या. "माझ्या आईच्या लग्नातही नाही. बोटीतून माणसं आली, ढोल आला, गणपती आला. बोलावणारी बाई आली नाही. किंवा आली असेल, आणि तिचं गाणं कोणी शिकलं नाही. तो तिथे पहिल्यापासून एकटा बसला आहे. आम्ही नारळ फोडतो आणि मागतो. पाऊस माग, मूल माग. या, असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं. तुम्ही पहिल्या. एकदम हात लावलात. तो गोंधळला असेल."

बाय उठून बसली. लुगड्याचा पदर नीट केला. "कोनीच न्हाय बोलावलं?" तिनं विचारलं. "इतक्या वर्सांत?"

"कोणीच नाही."

"आग माझ्या बाय," ती म्हणाली, आणि विहीणबाईंचा हात तिनं दोन्ही हातांत धरला. मग दोघी रडल्या. मी दारातच रडले. चहा थंड झाला, तो मी परत गरम करून आणला आणि दोघींनी माझ्या देखत तो बशीत ओतून प्यायला. बूटवाल्या विहीणबाईंनीसुद्धा.

हळदीच्या सकाळी मांडवात बाय बसली. समोर तांदळाचा चौक, कलश, लेक पाटावर. बायची रीत होती, आधी आपला गावदेव, मग बाकीचे. त्या दिवशी तिनं रीत मोडली. डोळे मिटले आणि पहिला आवाज लावला तो असा:

उसाच्या बांधावरल्या देवा, ये मांडवाच्या दारी,
लाजू नको रं बावा, आपली झाली सोयरी.

मग तिनं ज्वालामुखीला बोलावलं, प्रवाळाच्या कुंपणाला बोलावलं, शेतातल्या दगडांच्या ढिगांना आणि ते ढीग रचणाऱ्या हातांना बोलावलं. कड्यावरून उडी टाकलेल्यांना ती म्हणाली, खाली या, कोणी धरायला आलेलं नाही, लगीन आहे. त्या न उडणाऱ्या पक्ष्याला बोलावलं आणि म्हणाली, चालत ये, आम्ही थांबतो. मी दोन महिने जे जे सांगितलं होतं त्यातलं काही तिनं खाली पडू दिलं नव्हतं. त्यानंतर आमचा गावदेव, आमची खाडी, आणि वडप्याचं तळं. विहीणबाईंना सगळे शब्द कळत नव्हते, पण आपल्या डोंगराचं नाव आलं तेव्हा त्यांनी तोंडावर पदर धरला. लेक तर हळद लागायच्या आधीच रडून पिवळी पडली होती.

पोर गेली. घर असं सुनं झालं की लूमची खटखट लांबून ऐकू येते तीसुद्धा आता सोबतीची वाटते. मला वाटलं होतं, बाय अंथरूण धरेल. तिनं धरलं नाही. चार दिवसांनी सकाळी लेकीचा कॉल आला. "बाय, मी कुठंय बघ." तिनं फोन फिरवला. ऊस, वारा, झाड, आणि झाडाखाली ते दगड, समोर फोडलेला नारळ.

मी मोबाईल पाटावर ठेवला. बाय समोर येऊन बसली. काही बोलायच्या आधी तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि बोटांत बोटं घट्ट अडकवली, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. मग काचेजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाली, "आवतनाला आयलास, लय बरा वाटला. ही समोर हुबी हाय ना, ती माझी पोर. तिला वळख."

कॉल बराच वेळ चालला. तिनं हात पुढं आणले नाहीत. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून खाली टपटपत होतं, ते पुसायलासुद्धा नाही. शेवटी मीच माझ्या पदरानं तिचं तोंड पुसलं.